मुलं, आई-वडील आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या ऑफिसात, प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात, कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर महाराष्ट्रातली माणसं जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. त्यातले बरेच एकाच समजातून येतात. हक्क आणि कर्तव्य एकमेकांत वळते करता येतात, असं आपण धरून चालतो. "तू पोटगी दे, मग मूल दाखवते." "आम्ही शिकवलं, आता आम्ही म्हणू तिथे लग्न कर." "घर माझ्या नावावर कर, मग सांभाळतो." कायदा असा वळता हिशेब मानत नाही. मुलाचा हक्क मुलाचा असतो आणि म्हाताऱ्या आईचा हक्क आईचा.

मूल सज्ञान कधी होतं? प्रत्येक जण वेगळं वय का सांगतो?

१८ वर्षं पूर्ण झाली की. हे १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यात आहे. पूर्वी न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर ही मर्यादा २१ होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती गेली, पण काही जुनी माणसं अजून २१ च सांगतात.

बाकीची वयं त्या त्या कामापुरती आहेत. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. १६ पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. लग्नासाठी मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून काहीही घडलं तरी तो गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात मुलाला केल्याची समज होती का, ते पाहिलं जातं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात (२०१२) मात्र १८ खालची प्रत्येक व्यक्ती बालकच असते. तिथे "तिची संमती होती" हा बचाव चालत नाही.

बँकेत आणि शाळेत वडिलांचीच सही मागतात. आई पालक नाही का?

आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' असे शब्द आहेत. त्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या 'वडील वारल्यावर आई' असा लावला गेला. एका आईने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा तिच्याकडे वडिलांची सही मागितली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या १९९९ च्या निकालाने तो अर्थ बदलला. वडील हयात असले, पण मुलाकडे लक्ष देत नसले, दूर राहत असले किंवा दोघांनी मिळून आईकडे कारभार सोपवला असला, तरी आई नैसर्गिक पालक म्हणून सही करू शकते. लग्न न झालेली आई वडिलांचं नाव न सांगताही पालकत्वाचा अर्ज करू शकते, हे २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा आहे. खिडकीवर कोणी अडवलं तर नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याच ठिकाणी नकाराचा सूर बदलतो.

आमचा घटस्फोट होतोय. मूल कोणाकडे जाईल?

याचं ठाम उत्तर कोणताही प्रामाणिक वकील पहिल्या भेटीत देणार नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, असं १९५६ चा कायदा म्हणतो. मुस्लिम कायद्याच्या हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे असतो. पण कुठलाही व्यक्तिगत कायदा लागू असला, तरी शेवटी सगळं एका कसोटीवर येतं, ती म्हणजे मुलाचं हित.

हित ठरवताना न्यायाधीश पगाराची पावती एवढंच बघत नाहीत. मुलाला रोज शाळेत कोण सोडतं, आजारपणात रात्री कोण जागतं, शाळा बदलावी लागेल का, भावंडं एकत्र राहतील का, घरात दारू किंवा मारहाण आहे का, हे बघतात. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलतात. मुलाचं म्हणणं ऐकलं जातं, पण निर्णयाचा भार त्याच्यावर टाकला जात नाही आणि टाकूही नये. आठ वर्षांच्या पोराला "साहेबांना सांग, पप्पा नको" असं घोकवून आणणारी माणसं प्रत्येक न्यायालयात भेटतात. न्यायाधीशांच्या ते लगेच लक्षात येतं आणि घोकवणाऱ्याच्याच विरुद्ध जातं.

ताबा एकाला मिळाला तरी दुसऱ्याचं आई-वडीलपण संपत नाही. शनिवार-रविवार, अर्धी मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी, व्हिडिओ कॉल हे सगळं आदेशात लिहून घेता येतं. ताब्याचा आदेश कायमचाही नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

तो पोटगी देत नाही. मग मी मूल का भेटवू?

तुमचा राग समजतो. तरीही मूल भेटवायला हवं. वडिलांना भेटणं हा मुलाचाही हक्क आहे आणि पोटगी हा मुलाच्या दूध-फीचा प्रश्न आहे. एकासाठी दुसरं अडवलं की दोन्हीकडून मुलाचंच नुकसान होतं. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करा. फौजदारी प्रक्रियेत प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, म्हणून "पुढच्या महिन्यात देईल" करत दोन वर्षं काढू नका.

हेच वडिलांनाही लागू आहे. "मूल दाखवत नाही म्हणून पैसे बंद" हा बचाव न्यायालयात टिकत नाही. भेटीच्या आदेशाची अंमलबजावणी वेगळ्या अर्जाने मागा आणि पैसे दर महिन्याला बँकेतून पाठवत राहा.

पोटगी किती आणि कधीपर्यंत मिळते?

ठरलेला तक्ता नाही. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून खटला लांबला तरी अर्ज लवकर टाकलेला बरा. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. मुलाला १८ वर्षांपर्यंत पोटगी मिळते. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे ते स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर त्यानंतरही मिळते. स्वतःचा खर्च भागवू न शकणारी अविवाहित हिंदू मुलगी १८ नंतरही १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याखाली वडिलांकडे खर्च मागू शकते.

आई-वडिलांचं लग्नच झालं नव्हतं, किंवा ते लग्न कायद्याने रद्दबातल होतं. मुलाचं काय?

पोटगीच्या कलमात मूल औरस की अनौरस असा भेद नाही. रद्दबातल लग्नातलं मूलही हिंदू विवाह कायद्याने औरस मानलं जातं. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आई-वडिलांच्या वाट्याला जे येईल त्यात अशा मुलांनाही हिस्सा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मोठ्यांच्या चुकीची किंमत मुलाने द्यायची नाही, ही भूमिका मला मनापासून पटते.

फी थकली म्हणून शाळा दाखला देत नाही. काय करायचं?

पहिली ते आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा, २००९ तुमच्या बाजूने आहे. मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. नवी शाळासुद्धा 'दाखला आला नाही' म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही, किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवू शकत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. थकलेली फी वसूल करायचे शाळेचे मार्ग वेगळे आहेत. त्यासाठी मुलाचं वर्ष अडवता येत नाही.

याच कायद्याने शाळेतला मार आणि मानसिक छळ बंद केला आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेण्यालाही बंदी आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखीव असतात. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना त्यातून सूट देणारा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला.

आणि पालकांची बाजू: सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे राज्यघटनेने आई-वडिलांवर टाकलेलं मूलभूत कर्तव्य आहे, कलम ५१-क मध्ये. ऊसतोडीला जाताना मोठ्या मुलीला धाकट्याला सांभाळायला सोबत नेणारं कुटुंब हौसेने तसं करत नाही, हे मान्य. पण मुलीच्या शाळेचा हक्क तिथेही तितकाच खरा आहे, आणि मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मागता येतो.

आई-वडिलांनी मुलाला मारलं तर तो गुन्हा आहे का?

एखादी चापट मारली म्हणून पोलीस दारात येत नाहीत. मुलाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृतीला फौजदारी कायद्यात काही संरक्षण आहे. पण त्याला हद्द आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण केली, छळ केला, टाकून दिलं किंवा मुद्दाम हेळसांड केली, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चटके देणं, कोंडणं, उपाशी ठेवणं याला कोणी 'शिस्त' म्हणत असेल, तर शेजाऱ्यांनीही १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन फिरवायला कचरू नये. 'त्यांच्या घरातलं प्रकरण' म्हणून गप्प बसणं मला मान्य नाही.

सुट्टीत मुलगा आमच्याच दुकानात बसतो. बालमजुरी होते का?

नाही. शाळेच्या वेळेव्यतिरिक्त किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायात मदत चालते, फक्त काम धोकादायक नको. बाहेरच्या हॉटेलात किंवा गॅरेजात १४ खालच्या मुलाला ठेवणं गुन्हा आहे. १४ ते १८ वयात धोकादायक काम बंद आहे.

घरचे सतराव्या वर्षी लग्न लावताहेत. मी काय करू शकते?

बरंच काही, आणि ते लग्नाआधी करणं सगळ्यात सोपं. १०९८ वर फोन कर. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडीताई त्यांना मदत करतात. शाळेतल्या बाईंना सांगितलंस तरी चालेल. न्यायालय लग्न थांबवण्याचा मनाई आदेश देऊ शकतं.

लग्न लागून गेलं असेल तरी दार बंद होत नाही. १८ पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे २० व्या वर्षापर्यंत, ते लग्न रद्द करून मागता येतं. त्यासोबत पोटगी आणि राहायची सोयही मागता येते. लग्न लावून देणाऱ्यांना, त्यात आई-वडीलही आले, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बायको १८ खालची असेल तर नवऱ्याने ठेवलेले शरीरसंबंधही बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

आई-वडिलांसाठी एक वाक्य: "हुंडा कमी लागतो", "पोरगी वाया जाईल" ही कारणं न्यायालय ऐकून घेत नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कोपऱ्यापर्यंत स्कूटर नेतो. एवढ्याने काय होतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ वाचा. २०१९ मध्ये आलेल्या या कलमाने अज्ञान, म्हणजे १८ खालच्या, मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. किल्ली पालकांच्या संमतीनेच मिळाली, असं कायदा धरून चालतो. मला माहीत नव्हतं किंवा मी अडवायचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे पालकांनीच सिद्ध करायचं. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण जीव गेले, तेव्हा हे कलम घरोघरी कळलं. विमा कंपनीही भरपाईची रक्कम नंतर मालकाकडून वसूल करू शकते. किल्ली खुंटीवर ठेवू नका.

पोलिसांनी मुलाला नेलं. आम्ही लगेच काय करायचं?

पोलीस ठाण्यात जा आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. १८ खालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जामीन हा इथे सर्वसाधारण नियम आहे. मुलाच्याच जिवाला किंवा वळणाला धोका असेल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरपत असेल, तरच तो नाकारला जातो. १६ ते १८ वयातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची मंडळ आधी तपासणी करतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुठेही छापणं गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' आहे. ती जमीन विकता येईल का?

'अज्ञान पालनकर्ती आई' अशी ती नोंद आहे. म्हणजे जमीन मुलाची, सांभाळ आईचा. हिंदू कुटुंबात अशी जमीन किंवा घर विकायला, गहाण टाकायला किंवा बक्षीस द्यायला न्यायालयाची आधी परवानगी लागते. ती न घेता विक्री झाली, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतला अविभक्त हिस्सा असेल आणि कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी विक्री केली असेल, तर ही परवानगी लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे. म्हणून आधी जमीन नेमकी कोणत्या प्रकारची, ते फेरफार काढून बघा.

अज्ञान मुलाने स्वतः केलेला करार मुळातच निरर्थक असतो. हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, सांगितलं, ते आजही तसंच आहे.

वडिलांच्या घरात माझा हक्क आहे ना?

वडिलांनी स्वतःच्या कमाईचं घर घेतलं असेल तर ते जिवंत असेपर्यंत नाही. सज्ञान मुलगा तिथे राहतो तो त्यांच्या मर्जीने. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलाइतकाच मुलीचाही जन्मापासून हिस्सा आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ मध्येच केली होती. देशभर ती २००५ मध्ये आली, आणि २००५ मध्ये वडील हयात असणं गरजेचं नाही, हे २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात ठरलं. लग्न झालेल्या बहिणीकडून 'हक्कसोडपत्रावर एक सही' भाऊबीजेच्या ताटाशेजारी मागितली जाते. सही करायची की नाही, हे तिने शांतपणे आणि कागद वाचून ठरवावं.

गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे धर्म कोणताही असो, आई-वडिलांना निम्म्या मालमत्तेपलीकडे मृत्युपत्र करता येत नाही. उरलेला निम्मा भाग मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव असतो.

मुलगा सांभाळत नाही. या वयात कोर्टाची पायरी चढायची का?

दिवाणी कोर्टात जायची गरज नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण असतं. साधा अर्ज पुरतो. वकिलावाचून चालावं अशीच त्याची रचना आहे. नोटीस लागू झाल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात, सगळ्यांवर ही जबाबदारी आहे. सून आणि जावई 'मुलं' या व्याख्येत नाहीत. आई-वडील म्हणून अर्ज करायला ६० वर्षं पूर्ण असण्याचीही अट नाही, आणि सावत्र व दत्तक आई-वडीलही त्यात येतात.

जास्त रक्कम हवी असेल तर वर सांगितलेल्या पोटगीच्या कलम १४४ चा मार्ग आहे. मात्र दोन्हींपैकी एकच निवडायचा. नव्या संहितेत आई-वडील स्वतः राहतात तिथेच हा अर्ज करता येतो, मुलाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून आई-वडिलांना द्यायचं ठरवलं, ते याच भावनेतून.

लग्न झालेल्या मुलीवरही जबाबदारी आहे?

आहे. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीकडे वडिलांनी निर्वाह मागितला, तेव्हा 'मी विवाहित आहे' हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्वीकारलं नाही. वाटणीत बरोबरीचा हिस्सा मागणाऱ्या समाजाने हेही बरोबरीने उचलावं.

वडिलांनी लहानपणी आम्हाला टाकलं. आता तेच पोटगी मागतात.

हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे. कलम १४४ मध्ये अशा वडिलांना स्पष्टपणे वगळलेलं नाही. पण त्यांना स्वतःचं पोट भरता येत नाही, हे त्यांनी दाखवावं लागतं, आणि तुमची ऐपत व सगळी परिस्थिती न्यायालय पाहतं. आईने एकटीने कसं वाढवलं, त्याचे कागद, जुने अर्ज, शाळेच्या नोंदी समोर ठेवा.

घर मुलाच्या नावावर केलं आणि आता तो बाहेर काढतोय. परत मिळेल?

बक्षीसपत्रात 'सांभाळ करेन' ही अट असेल तर नक्की लढता येतं. २००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं की ६० वर्षांवरील व्यक्तीने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून रद्द करता येतं. अट सिद्ध व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालय २०२२ मध्ये म्हणालं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं, असं सांगितलं. घरात सून राहत असेल आणि तिचा छळ होत असेल, तर तिचा निवाऱ्याचा हक्क या कायद्याच्या आडून हिरावता येत नाही (२०२० चा निकाल).

माझा आग्रह एवढाच: जिवंतपणी घर देऊन टाकू नका. मृत्युपत्र करा, ते कधीही बदलता येतं. द्यायचंच असेल तर सांभाळ, औषधोपचार आणि त्याच घरात शेवटपर्यंत राहण्याचा हक्क बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. "पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं" या संकोचापायी अनेक जण घर गमावून बसतात.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

महिला आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोन १५१००. मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. जाताना आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा काही पुरावा आणि आधीच्या अर्जांच्या झेरॉक्स सोबत ठेवा. लग्नाचा दाखला नसेल तर पत्रिका किंवा फोटोही चालतात.